पेन ड्राइव्हची वारी

प्रश्न : मिरजेत आमचं घरच्या घरी डीटीपीचं काम चालतं. खाली माझा विंडोज ११ चा लॅपटॉप, वर मुलाचा मॅक, वायफाय एकच. माझं शेअर केलेलं फोल्डर मॅकवर दिसतं, पण उघडताना नाव-पासवर्ड मागतो. मी रोजचा पिन घालते, तो नाकारतो. सबब दिवसातून वीसदा पेन ड्राइव्ह घेऊन जिना चढते. एक जुना संगणक उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स) टाकून पडून आहे, त्याचा काही उपयोग?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, पिन तुमचा बरोबरच आहे, पण तो त्या लॅपटॉपपुरता. नेटवर्कवरून येणाऱ्याला खात्याचा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट खातं असेल तर नावाच्या जागी ईमेल आणि त्या खात्याचा पासवर्ड. पिनची सवय झाली की तो पासवर्ड कुणाच्याच लक्षात राहत नाही! म्हणून मी सगळीकडे एकच करतो : लॅपटॉपवर 'काम' नावाचं वेगळं लोकल खातं काढतो, त्याला साधा नीट पासवर्ड देतो आणि फोल्डर त्या खात्याला वाचायला-लिहायला देतो. मॅकवर हेच नाव घालायचं.

कुणीतरी सांगेल, पासवर्डच काढून टाका, नाहीतर एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फायली वाटायच्या पद्धतीची, जुनी पहिली आवृत्ती चालू करा. ऐकू नका. मे २०१७ मध्ये फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय पसरला तो त्याच जुन्या आवृत्तीतल्या भोकातून.

आता उबुंटू. माझं मत विचाराल तर सगळ्या फायली तिथेच ठेवा, म्हणजे तुमचा लॅपटॉप बंद असला तरी मुलाचं काम अडणार नाही. त्यावर सांबा हे सॉफ्टवेअर टाका. एसएमबी ही विंडोजची बोली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कॅनबेरात अँड्र्यू ट्रिजेलने ती युनिक्सला (लिनक्सच्या पूर्वजाला) शिकवली, आणि शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरं क्रमाने येणारे शब्द शोधताना त्याला सांबा हे नाव सापडलं. मॅकही २०१३ पासून आधी हीच बोली बोलतो. थोडक्यात, यंत्रं वेगळी असण्याची अडचण केव्हाच मिटली आहे. अडतं ते ओळख पटवण्यात. उबुंटूतही तीच मेख : तिथला लॉगिनचा पासवर्ड सांबाला चालत नाही, त्याला एसएमबीपासडब्ल्यूडी या कमांडने स्वतःचा वेगळा द्यावा लागतो. इथे निम्मे लोक अडकतात.

राउटरमध्ये उबुंटूचा आयपी पत्ता, म्हणजे घरच्या नेटवर्कमधला त्याचा क्रमांक, कायमचा करून घ्या. मग मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून एसएमबी, कोलन, दोन तिरप्या रेषा आणि तो पत्ता. विंडोजवर दोन उलट्या तिरप्या रेषा आणि तोच पत्ता. 'नेटवर्क'च्या चिन्हात संगणक दिसण्याची वाट पाहत बसू नका, ते लहरी आहे.

एक खास मराठी दुखणं सांगतो. जुन्या मॅकवर झिप केलेली 'शेतकऱ्यांची गाणी' मी उबुंटूवर उघडली. शेजारी विंडोजवरून आलेली त्याच नावाची दुरुस्त फाइल होती. एका फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली! कारण आपला 'ऱ'. युनिकोडमध्ये तो एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि 'र'खाली नुक्ता देऊनही. जुना मॅक फाइलच्या नावात तो फोडून ठेवायचा. डोळ्यांना फरक शून्य, लिनक्सला मात्र दोन वेगळी नावं. चुकांसकटची प्रत छापायला गेली, आणि ती मीच पाठवली होती. तेव्हापासून पुस्तकाचं नाव आत, पहिल्या पानावर. फाइलला फक्त काम क्रमांक आणि तारीख. नावात प्रश्नचिन्हही नको, मॅकला चाललं तरी विंडोजला चालत नाही.

प्रश्न : मॅकने उघडलेल्या प्रत्येक शेअर फोल्डरात विंडोजवर 'डीएस स्टोअर' नावाची फाइल दिसते. व्हायरस आहे का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नाही. फोल्डरातली चिन्हं कशी मांडली होती याची ती मॅकची टिपणवही. खुशाल पुसा. उद्या परत येईल.