गाइड कोण, जर्नल कुठलं आणि सीएचबीवर किती वर्षं? संशोधक वाचकांचे प्रश्न

पीएच.डी.च्या प्रवेशाचे दिवस जवळ आले की आमच्याकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. ‘विषय कुठला घेऊ?’ हे मागे पडतं आणि माणसांचे, तारखांचे, पैशांचे प्रश्न पुढे येतात. संशोधन अडतं ते बहुतेक वेळा तिथेच, त्यामुळे या वेळी तेच घेतले आहेत. प्रश्न थोडे आटोपशीर केले आहेत.

प्रश्न : मॅडम, ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एम.एस्सी. आणि सेट (प्राध्यापकपदाची राज्य पात्रता परीक्षा) झालं आहे, पेट (पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा) ही निघाली. गाइड म्हणून दोन जण तयार आहेत. एक सीनियर प्रोफेसर. नाव मोठं, पण चार वर्षांनी रिटायर होतील आणि त्यांच्याकडे आधीच सात जण आहेत. दुसऱ्या असिस्टंट प्रोफेसर मॅडम. त्यांना नुकतीच गाइडशिप मिळाली आहे, मी त्यांचा पहिलाच विद्यार्थी असेन. घरचे म्हणतात, नाव बघ. (नांदेड)

नावाआधी तारीख बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०२२ च्या नियमांनुसार निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी सेवा उरली असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. सरांची चार उरली आहेत, म्हणजे नियमात ते बसतात. पण पीएच.डी. किमान तीन वर्षांची, आणि सिंथेसिसच्या कामात त्यापेक्षा जास्तच लागतात. कोर्सवर्क, आरआरसीपुढचं (विद्यापीठाच्या संशोधन व मान्यता समितीपुढचं) प्रेझेंटेशन, टायटल मंजूर होणं यातच पहिलं वर्ष जातं. मग तुम्ही शेवटचे कंपाउंड बनवत असाल, पेपर रिव्ह्यूतून परत आलेला असेल आणि थिसिस अर्धा लिहून पडला असेल, नेमके तेव्हा सर घरी बसलेले असतील. निवृत्तीनंतर सत्तरीपर्यंत ते को-गाइड राहू शकतात, पण मुख्य गाइड दुसरं कुणीतरी लागतं. लॅबची किल्ली आणि स्टोअरमधून सॉल्व्हंट काढायची सही त्या दुसऱ्या माणसाकडे जाते. म्हणून सरांना आत्ताच विचारा, ‘सर, तुम्ही रिटायर झाल्यावर माझं कोण बघेल?’ ते एखाद्या सहकाऱ्याचं नाव घेऊन बोलले तर त्यांनी विचार केलेला आहे. ‘बघू, होईल काहीतरी’ म्हणाले तर तुम्हीच विचार केलेला बरा.

मॅडमच्या बाजूने एक गोष्ट जमेची आहे. असिस्टंट प्रोफेसरला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, असोसिएटला सहा, प्रोफेसरला आठ. पहिल्या विद्यार्थ्याचे पेपर निघणं ही त्यांच्याही पुढच्या वाटचालीची गरज असते, त्यामुळे तुमचं काम टेबलावर पडून राहायची शक्यता कमी. धोका आहे तो साधनांचा, म्हणजे कंपाउंड तपासायच्या यंत्रांचा आणि पैशांचा. एनएमआर कुठे होतो, सॅम्पलमागे पैसे कोण भरतं, मास स्पेक्ट्रमला किती दिवस लागतात, एखादा प्रोजेक्ट मंजूर आहे का, हे त्यांना सरळ विचारा. राग येईल असं यात काही नाही. आलाच, तर तीही माहितीच झाली.

सरांची पारख करायची असेल तर शोधगंगावर (पीएच.डी. थिसिसच्या ऑनलाइन संग्रहावर) जा. त्यांच्या हाताखाली झालेले थिसिस उघडा. नोंदणी आणि सबमिशनच्या तारखा जुळवा, शेवटी दिलेल्या पेपरच्या यादीत पहिलं नाव विद्यार्थ्याचं आहे की नाही ते बघा. ऋणनिर्देशाचं पानही वाचा. गाइडच्या कुटुंबीयांचे आभार तीन ओळी आणि लॅबमेटचे एक ओळ असतील तर लॅबपेक्षा घरची कामं जास्त झाली असावीत, असा माझा (जरा खवचट) अंदाज असतो. मग दोघांना भेटा : ज्याचं झालं आहे असा एक आणि जो अर्ध्यात सोडून गेला असा एक. सोडून गेलेला शोधायला कष्ट पडतात, पण तो खरं सांगतो. ‘ड्राफ्ट दिला की किती दिवसांत परत येतो?’ एवढं विचारलं तरी पुष्कळ कळतं.

साधनांची सोय होत असेल तर मी मॅडमकडे जा म्हणेन, आणि सरांना को-गाइड व्हायची विनंती करा. घरच्यांना हवं ते नावही थिसिसवर येईल.

प्रश्न : मी ज्युनियर कॉलेजला मराठी शिकवते. २०२३ मध्ये पार्टटाइम पीएच.डी.ला नोंदणी केली, मध्ये बाळंतपण झालं. गाइड सरांना दोन प्रकरणं देऊन बरेच महिने झाले. फोन केला की ‘वाचतोय’ म्हणतात. सहा वर्षांत झालं नाही तर नोंदणी रद्द होईल का? (सोलापूर)

मुदतीची भीती आधी काढून टाकू. सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणी करून दोन वर्षं मिळू शकतात. स्त्रियांना, तसंच ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना, आणखी दोन. म्हणजे एकूण दहा. शिवाय पूर्ण काळात मिळून २४० दिवसांपर्यंत मातृत्व किंवा बालसंगोपन रजा देता येते. यात एक गफलत नेहमी होते. कॉलेजने तुमची प्रसूती रजा मंजूर केली म्हणजे विद्यापीठानेही केली असं नाही. संशोधन केंद्रामार्फत वेगळा अर्ज आणि त्यावरचा आदेश लागतो. तो फाइलला नसेल तर या महिन्यातच त्याच्यामागे लागा. पुनर्नोंदणीची वेळ आलीच, तर तिचा अर्जही मुदत संपायच्या आत गेला पाहिजे.

आता सर. तुम्ही सरांना दिलेली प्रकरणं मी पाहिलेली नाहीत, पण मराठीच्या थिसिसचं पहिलं प्रकरण कसं असतं ते ठाऊक आहे. ते ‘साहित्य म्हणजे काय’ इथून निघतं, वाटेत संस्कृत काव्यशास्त्रातला मम्मट भेटतो, मग पाश्चात्त्य व्याख्या, आणि ज्या लेखिकेवर थिसिस आहे ती ऐंशीव्या पानावर उगवते. गाइड अशी पानं वाचत नाहीत, कारण आधीच्या चार थिसिसमध्ये त्यांनी ती वाचलेली असतात. तुम्ही असं करा : जिथे तुमचं स्वतःचं म्हणणं आहे ती दहाबारा पानं काढा, वरच्या पानावर दोन नेमके प्रश्न लिहा (‘या कथांचा कालखंड १९७५ ला तोडणं योग्य वाटतं का?’ अशा तऱ्हेचे), प्रिंट घ्या आणि सर ज्या दिवशी विभागात असतात त्या दिवशी समोर जाऊन बसा. फोनवर ‘वाचतोय’ म्हणता येतं, पानं समोर असताना जड जातं.

दुसरी गोष्ट कागदाची. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. त्या अहवालात साधं वाक्य घाला : ‘प्रकरण १ व २ अमुक तारखेला सादर, अभिप्राय प्रतीक्षेत.’ तक्रारीचा शब्दही नको. त्यावर सरांची सही होते, ती समितीसमोर जाते, आणि बहुतेक वेळा तेवढ्याने प्रकरणं परत येतात. दोन अहवालांनंतरही हलली नाहीत तर केंद्रप्रमुखांना भेटून गाइड बदलण्याविषयी बोला. त्याची सोय असते. कडू होऊ न देता होतंही, फक्त सरांना ते आधी तुमच्या तोंडून कळू द्या.

प्रश्न : कॉमर्समध्ये पीएच.डी. करतोय. व्हॉट्सॲपवर मेसेज येतात : ‘तीन दिवसांत पब्लिकेशन, आयएसएसएन, इम्पॅक्ट फॅक्टर ७, फी फक्त १५००.’ यूजीसीची मान्य जर्नलांची केअर लिस्ट तर बंद झाली. मग चांगलं जर्नल ओळखायचं कसं? ग्रुपमधल्या सगळ्यांचे दोन-दोन पेपर झालेत. (लातूर)

पेपर कुणी मागितलाय, ते आधी बघा. २०२२ च्या यूजीसी नियमांनी थिसिस सादर करण्यापूर्वीची पेपरची सक्ती काढून टाकली. तुमच्या विद्यापीठाने स्वतःच्या नियमावलीत ती ठेवली आहे का, हे पीएच.डी. सेक्शनकडून लेखी घ्या. कँटीनमध्ये कळलेल्या नियमावर पैसे भरू नका.

केअर यादीचं काम पुण्यातूनच, सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या केंद्रातून चालायचं. फेब्रुवारी २०२५ मध्ये यूजीसीने ती बंद केल्याचं जाहीर केलं आणि जर्नल पारखण्याची जबाबदारी संस्थांवर व संशोधकांवर आली. यादी होती तेव्हाही खऱ्या जर्नलच्या नावाने नकली वेबसाइट काढून पैसे उकळणारे होतेच.

मेसेजमधला एकेक शब्द घेऊ. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक आहे. तो दिवाळी अंकालाही मिळतो, दर्जाशी त्याचा संबंध नाही. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या लेखांचे इतरांनी सरासरी किती संदर्भ घेतले त्याचा आकडा) म्हणून जो ओळखला जातो तो क्लॅरिव्हेट ही कंपनी दरवर्षी जाहीर करते. बाकी कुणाकुणाचे ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’ फॅक्टर विकत मिळतात. आणि तीन दिवस? दोन परीक्षकांनी पेपर वाचायचा, शेरे द्यायचे, तुम्ही दुरुस्त करायचा, हे तीन दिवसांत होत नाही. म्हणजे कुणी वाचणारच नाही.

ओळखायची माझी रीत अशी. ताजा अंक उघडा. त्यात जीएसटी, संत तुकाराम आणि सोयाबीनवरची कीड एकत्र नांदत असतील तर बंद करा. नसतील तर तुमच्या विषयाचे तीन पेपर खरोखर वाचा. मग संपादक मंडळातल्या दोघांची त्यांच्या विद्यापीठाच्या साइटवरची पानं बघा. तिथे या जर्नलचा उल्लेख आहे का? शेवटी, तुमच्या थिसिसमध्ये तुम्ही ज्यांचे संदर्भ दिलेत ते लेख कुठे छापून आले होते ते पाहा. तुमच्या कामाला योग्य जर्नल त्याच यादीत असतं. ग्रुपमधल्यांचे दोन-दोन पेपर झाले असतील. उद्या मुलाखतीत कुणी जर्नल उघडून बघितलं तर तेच दोन लपवावे लागतील. चांगला डेटा अशा ठिकाणी एकदा छापला की दुसरीकडे पाठवताही येत नाही.

प्रश्न : नेट झालंय. पीएच.डी. नसली तर सहायक प्राध्यापक होता येतं का? (अलिबाग)

येतं. यूजीसीच्या २०२३ च्या दुरुस्तीनुसार थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान पात्रता आहे. पण पीएच.डी.ला निवडीच्या गुणांत वजन आहे आणि पदोन्नतीतही फरक पडतो : पहिल्या टप्प्यावरून दुसऱ्यावर जायला पीएच.डी. असेल तर चार वर्षं, नुसत्या नेट-सेटवर सहा. जागा मिळत असेल तर घ्या, पीएच.डी. नोकरीत करा.

प्रश्न : थिसिसचा सिमिलॅरिटी रिपोर्ट (किती मजकूर इतरत्र छापलेल्याशी जुळतो तो) २३ टक्के आला. विद्यापीठाजवळचा एक झेरॉक्सवाला ‘आठवर आणून देतो’ म्हणतो. (कोल्हापूर)

त्याच्याकडे जाऊ नका. ही मंडळी शब्दांच्या जागी पर्यायी शब्द टाकतात, आणि व्हायवाच्या वेळी परीक्षक विचारतो की ‘हे वाक्य समजावून सांगा’. यूजीसीच्या वाङ्मयचौर्याविषयीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० मध्ये सुधारून पुन्हा द्यायची संधी मिळते, कमाल सहा महिन्यांत. ४० ते ६० ला वर्षभर बंदी. त्यापुढे नोंदणी रद्द. तुम्ही दुसऱ्या गटात आहात, घाबरू नका. रिपोर्ट उघडा. संदर्भसूची आणि श्रेय देऊन घेतलेली अवतरणं मोजणीतून वगळायची असतात, ती वगळली आहेत का ते ग्रंथालयात विचारा. मग जे रंगीत उरेल ते बहुधा पूर्वसंशोधनाच्या आढाव्यात असेल. ते पुस्तकं मिटून, तुमच्या शब्दांत लिहा.

प्रश्न : भूगोलात पीएच.डी. आणि नेट. पाच वर्षं दोन कॉलेजांत सीएचबीवर (तासिका तत्त्वावर) शिकवतोय. एका संस्थेचे लोक म्हणतात, ‘जागा निघणार, तुम्हीच आहात.’ मध्यस्थाने आकडाही सुचवला. वय ३४. थांबू का? (बीड)

‘तुम्हीच आहात’ याला तपासता येईल असा अर्थ आहे. अनुदानित जागा भरायची तर शासनाची ना-हरकत लागते, बिंदुनामावली (कुठली जागा कुठल्या आरक्षण प्रवर्गाला, याचा तक्ता) मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यावी लागते, मग जाहिरात, मग विद्यापीठाच्या प्रतिनिधींसह निवड समिती. प्राचार्यांना विचारा की यातलं काय झालं आहे. भूगोलाची जागा कुठल्या बिंदूवर येते, हेही विचारा. ती तुम्ही अर्जच करू शकणार नाही अशा प्रवर्गाला गेलेली असू शकते, आणि संस्थेला ते माहीत असतं.

पाच वर्षांचा उपयोग किती? २०१८ च्या यूजीसी तक्त्यात अध्यापनाच्या अनुभवाला वर्षाला दोन, जास्तीत जास्त दहा गुण आहेत, आणि वर्ष पूर्ण नसेल तर त्या प्रमाणात कमी. म्हणजे तुम्ही छताच्या जवळ पोचला आहात, सहाव्या-सातव्या वर्षाने फारसं काही वाढणार नाही. कायम झाल्यावर पदोन्नतीसाठी आधीची तात्पुरती सेवा धरायची तर तेव्हाचं एकूण वेतन नियमित सहायक प्राध्यापकाएवढं असावं लागतं. तासिकांचं मानधन त्यात बसत नाही. ‘सेवा कुठे जात नाही’ असं कुणी म्हणालं तर ही अट दाखवा.

पैसे देऊ नका. ही लाच आहे, एवढं कारण पुरेसं आहे. ज्यांना तेवढ्याने पटत नाही त्यांच्यासाठी : पावती नसते, विश्वस्त मंडळ बदलतं, विद्यापीठाची मान्यता अडकते आणि घेणारा फोन उचलत नाही. शेत विकून दिलेले पैसे असे गेलेली घरं मराठवाड्यात तुम्हालाही माहीत असतील.

पुढचं वर्ष असं वापरा. दोन कॉलेजांपैकी एक सोडा. शासकीय महाविद्यालयांतल्या सहायक प्राध्यापकांच्या जागा एमपीएससीमार्फत भरल्या जातात, तिथे संस्थाचालक नसतो. केंद्रीय विद्यापीठांच्या आणि शेजारच्या राज्यांच्या जाहिरातींवर नजर ठेवा. मराठवाड्यातला उमेदवार औरंगाबाद खंडपीठाच्या हद्दीबाहेर अर्ज करायला का कचरतो, हे मला न उलगडलेलं कोडं आहे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएसएसआर) पोस्टडॉक्टरल फेलोशिप भूगोलाला खुली आहे. आणि जीआयएस, रिमोट सेन्सिंग येत असेल तर कॉलेजबाहेरही काम आहे : नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र घ्या किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेचे प्रकल्प. येत नसेल तर सुटलेल्या कॉलेजच्या वेळेत शिका.

आणि दोन्ही कॉलेजांकडून दर वर्षाचा नेमणूक आदेश, विद्यापीठाची मान्यता आणि तासांचा हिशेब असलेलं अनुभव प्रमाणपत्र आत्ताच मागून घ्या. सोडताना मागितलं की क्लार्क रजेवर असतो.