साडेतीन वर्षांच्या नातवाला आम्ही दोघंच (वय ६५ च्या पुढे) परभणीहून खोपोलीच्या इमॅजिकाला नेऊ शकतो का?

नेऊ शकता, पण आणखी वर्षभर थांबलात तर पैसे वसूल होतील. अशा पार्कात राइडवर प्रवेश वयावर नाही, उंचीवर ठरतो. फाटकापाशी पट्टी लावूनच मोजतात. एवढ्या लेकराला मोठ्या राइड बंदच, त्याच्या वाट्याला चक्रीघोडे आणि छोट्या गाड्या. त्यातही बऱ्याच ठिकाणी शेजारी मोठं माणूस लागतं, आणि बीपी, हृदयविकार किंवा पाठीचं दुखणं असेल तर झटक्याच्या राइडवर तुम्हालाही बसू देत नाहीत. आम्ही भाच्याला नेलं तेव्हा हेच पाहिलं, लेकरू रांगेतच पेंगायला लागलं.

जायचंच असेल तर देवगिरी एक्सप्रेसने रात्रीतून कल्याण गाठा आणि पुढे टॅक्सी करा, पण त्याच दिवशी पार्क नको, एक मुक्काम टाका. डिसेंबर-जानेवारीतला सुट्टीचा नसलेला वार बघा. पोराला धरून पळायला घरातलं एखादं तरणं माणूस सोबत घ्याच.

आणि खरं सांगू का, या वयाच्या पोराला संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानातला वाघ जास्त आवडतो. परभणीहून एका दिवसात जाऊन येता येतं.