सरड्याची वीण बघायची तर आधी बांध निवडा

भाऊ, सुरुवात बागेतल्या साध्या सरड्यापासून करा. जळगाव-धुळ्याकडे काटेरी कुंपण किंवा बांधावरची बाभूळ पुरते. उन्हाळ्याच्या अखेरीपासून पावसाळाभर नराचं डोकं आणि गळा लालभडक होतो, गळ्याच्या बाजूला काळा डाग उठतो. तो उंच खुंटावर बसून गळा फुगवतो, पुढच्या पायांवर अंग वरखाली करतो. लोक म्हणतात, रक्त पितो म्हणून लाल; त्यात काही तथ्य नाही. हे मादीला बोलावणं आणि दुसऱ्या नराला दम देणं आहे.

वेळ सकाळची, ऊन तापायच्या आत. दुपारच्या उन्हात सरडे सावलीला जातात. अंतर किमान ८-१० पावलं ठेवा, दुर्बीण घ्या. मिलनात नर मादीची मान तोंडात धरतो. ती मारामारी समजून काठी घालू नका! नराला दोन जननेंद्रियं असतात, एका वेळी एकच वापरतो.

मादी ओलसर, भुसभुशीत मातीत खड्डा करून साधारण १० ते २० अंडी घालते, माती ओढून निघून जाते. राखण नाही. पिल्लं दीड-दोन महिन्यांनी. नांगरताना अंडी उघडी पडली तर वरची बाजू वरच ठेवून तशीच झाका. उलटली की आतला गर्भ मरू शकतो. पालीची अंडी वेगळी: दोनच, कडक कवचाची, भिंतीच्या फटीत.

घोरपडीला मात्र हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला संरक्षण आहे.