महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) फाटल्यावरच्या तातडीच्या ऑपरेशनात बायकांना जास्त धोका असतो का?

जुन्या आकड्यांत तरी हो. 2004 सालच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात ऑपरेशननंतर दगावण्याचं प्रमाण बायकांत 32 टक्के, पुरुषांत 22 टक्के निघालं. पण त्यातल्या बायका सरासरी 67 वर्षांच्या होत्या, पुरुष 60, आणि बायकांचं निदानही उशिरा झालेलं. नंतरच्या बऱ्याच अभ्यासांत हा फरक कमी दिसतो.

उशीर कसा होतो? आमच्या परभणीच्या मावशीला खांद्यांच्या मधोमध फाडल्यासारखी कळ आली, तर घरच्यांनी पित्त म्हणून ओवा दिला. अन् तीही राहिलेल्या भाकरी थापूनच आडवी झाली! महाधमनी फाटली आणि ऑपरेशन झालं नाही, तर सुरुवातीला तासागणिक दगावण्याचा धोका वाढतो (जुन्या आकड्यांत 1-2 टक्के, नव्यांत सुमारे अर्धा टक्का), आणि इथून संभाजीनगर गाठायलाच काही तास. अशी कळ आली तर ईसीजी नॉर्मल असला तरी सीटी अँजिओचं (रक्तवाहिन्या दाखवणाऱ्या सीटी स्कॅनचं) विचाराच.