पट्टी बाजूला ठेव

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

मिनी ड्राफ्टरच्या पट्ट्यांनी ड्रॉइंगची शीट छान जमते, पण सरांनी कोऱ्या कागदावर नुसत्या हाताने स्केच काढायला सांगितलं की रेघ थरथरते, असं तू लिहिलंस. थरथरू दे, ते महिनाभरात जातं. वाळूजच्या नाहीतर जालन्याच्या एमआयडीसीत कुठल्याही वर्कशॉपमध्ये बघ. मशीन बंद पडलं की तुटलेल्या पार्टचं पहिलं चित्र डायरीच्या पानावर किंवा खडूने थेट फरशीवरच निघतं. त्यातली रेघ जरा हलली तरी लेथवर काम करणाऱ्या टर्नरला कळतं. पण शाफ्टच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) मानाने कॉलर (त्यावरचं कडं) दुप्पट जाड दिसली, तर तो हातातलं काम थांबवून विचारायला येतो. म्हणून आधी प्रमाण सांभाळ.

एचबी पेन्सिल आणि कोरे कागद एवढ्यावर भागतं. चौकटीची वही सुरुवातीला चालेल, पण तिची सवय लावून घेऊ नकोस. डोळा चौकटी मोजत बसतो आणि वस्तू बघायची राहून जाते.

रेघ ओढण्याआधी दोन्ही टोकांना ठिपके दे. पेन्सिल टोकापासून जरा लांब धर, कागदाला न टेकवता हात एकदोनदा फिरव आणि मग हलकी रेघ ओढ. नजर जिथे पोचायचंय त्या ठिपक्यावर असू दे. लहान रेघ मनगटाने निघते, लांब रेघेला कोपरापासून हात हलला पाहिजे, नाहीतर ती वाकणारच. तिरपी जमत नसेल तर कागद फिरव. खोडरबर मात्र दप्तरातच ठेव. हलकी रेघ चुकली तर शेजारी दुसरी ओढ, आणि बरोबर असेल ती शेवटी दाबून गडद कर.

वर्तुळासाठी आधी उभी-आडवी मध्यरेषा घाल, भोवती चौरस काढ आणि त्याचे कर्ण जोड. चारही बाजूंच्या मध्यावर वर्तुळ टेकतं. कर्णावर ते मध्यापासून कोपऱ्याच्या दिशेने दोन तृतीयांशाच्या किंचित पुढे येतं. असे आठ ठिपके मिळाले की हलक्या कमानींनी जोडत जा. आयसोमेट्रिकमध्ये, म्हणजे वस्तूच्या तीन बाजू एकत्र दाखवणाऱ्या चित्रात, हाच चौरस तिरका होतो आणि वर्तुळाची लंबगोल आकृती होते. वरच्या पृष्ठावर तिचा लांब अक्ष आडवाच येतो. नवी मुलं तो तिरपा करतात आणि मग अख्खा पार्ट कलंडल्यासारखा दिसतो.

आता एम 16 चा, म्हणजे 16 मिलिमीटर व्यासाच्या बोल्टचा, एखादा नट हातात घे. समोरासमोरच्या सपाट बाजूंमधलं अंतर बोल्टच्या व्यासाच्या दीडपट, म्हणजे 24 मिलिमीटर असतं. म्हणून त्याला 24 चा पाना लागतो. एम 20 ला 30 चा. स्केचमध्ये बोल्टचा व्यास दोन भाग धरलास तर बाहेरचं वर्तुळ तीन भाग व्यासाचं काढ आणि त्याला सहा बाजू बाहेरून टेकव. नट तयार. मापपट्टी लागलीच नाही, आणि बघणारा ओळखतो.

व्ह्यू, म्हणजे वस्तू एकेका बाजूने कशी दिसते ती चित्रं, मांडताना आपल्याकडची फर्स्ट अँगल पद्धत पाळ. टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली येतो. अमेरिकन ड्रॉइंगमध्ये तो वर असतो, तेव्हा कुणाचंही ड्रॉइंग वाचताना आधी कोपऱ्यातलं पद्धतीचं चिन्ह बघ.

कोणता व्ह्यू काढायचा, हे खरं शिकण्यासारखं आहे. सुट्टीत गावी गेलीस की घरची तिफण, म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार, अंगणात उभी कर. बाजूने बघितलीस तर बी खाली नेणारे तिन्ही नळे एकामागे एक लपतात आणि एकच असल्यासारखे दिसतात. फणाचा कल आणि दांडीची उंची मात्र तिथूनच स्पष्ट कळते. समोर येऊन बस. आता चाड्यातून, म्हणजे बी टाकायच्या वाटीतून, निघून तीन फणांकडे पसरत गेलेले नळे दिसतील, आणि दोन फणांमधलं अंतरही. पेरणीत दोन ओळींमधलं अंतर तेच असतं, त्यामुळे तिफण बनवणाऱ्याला ते सगळ्यात आधी लागतं. समोरचा व्ह्यू काढताना दिंडाची, म्हणजे फण बसवलेल्या आडव्या लाकडाची, लांबी आधी ठरव, तिच्यावर फणांच्या जागा वाटून घे, मग चाड्याची उंची दिंडाच्या लांबीशी ताडून बघ. नळे सगळ्यात शेवटी, कारण त्यांची दोन्ही टोकं तोवर ठरलेली असतात.

मापं स्केच पूर्ण झाल्यावर टाक. टेप लावायच्या आधी प्रत्येक माप डोळ्याने अंदाजून बाजूला लिहून ठेव, नंतर खरं माप त्याच्याशेजारी. तुझा डोळा नेहमी कमी धरतो की जास्त, हे तुला त्यावरूनच समजेल. डिग्री झालेली कितीतरी मुलं हे करत नाहीत, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

तिफणीचे दोन्ही व्ह्यू झाले की फोटो काढून पाठव. हलक्या रेघा पुसू नकोस, मला त्या बघायच्या आहेत.

तुझा,
काका