नव्या आशाताईंनो, धुराचंबी विचारत जा

ताई, गरोदर बाईच्या घरी गेलात की गोळ्या, तपासणी विचारता ना, तसं धुराचंबी विचारा. आपल्याकडं गॅस आला तरी पाणी तापवायला, भाकरीला चूल पेटतेच, त्यात पऱ्हाट्या नायतर तुराट्या, अन् बाई पोटुशी असली तरी फुकणी तिच्याच हातात, वर ओसरीवर कुणीतरी विडी ओढत बसलेलं.

धुराचं बाळाच्या दम्याशी नातं सांगितलं की घरचे म्हणतील, दमा आमच्या खानदानातच हाय. त्यांना सांगा, जीन्स, म्हंजे आईबापाकडनं आलेले गुण ठरवणारे घटक, तेच राहतात, पण कोणता जीन किती चालायचा ते ठरवणाऱ्या मिथाइल नावाच्या रसायनाच्या खुणा त्यावर असतात, अन् त्या बाळ पोटात असतानाच बदलू शकतात. 2016 साली 13 अभ्यासगटांतल्या 6,685 बाळांचा डेटा एकत्र बघितला, तर आईच्या सिगारेटीचा फरक बाळाच्या रक्तात, एएचआरआर नावाच्या एका जीनवरच्या खुणांत, स्पष्ट दिसला. ते सिगारेटचं हाय, चुलीला जशाला तसं लावू नका, पण चुलीचा धूर पोरांच्या छातीला वाईट हे तर ठरलेलंच हाय. अन् खूण दिसली म्हंजे दमा होणारच असं नाही, आईला बोल लावू नका, त्याला सासवा बसल्यात.

गोठ्याला मात्र भिऊ नका. अमेरिकेत गुराढोरांत वाढणाऱ्या आमिश समाजाच्या पोरांत दमा 5.2 टक्के, अन् यंत्रावर शेती करणाऱ्या हटराइट समाजाच्या पोरांत 21.3 टक्के निघाला. गोवऱ्या जाळल्या तर तो परत धूरच, हां!

बाईलाच दमा असेल तर पंप मनानं बंद करू देऊ नका, सवय लागते म्हणतात ते खोटंय.