आजीच्या लुगड्यांतून आमच्या वावराचं चित्र असलेली गोधडी कशी शिवायची?

तुमच्याकडे आजीची चार-पाच सुती लुगडी, आजोबांची दोन धोतरं आणि घरची साधी काळी मशीन आहे. यवतमाळकडच्या तुमच्या वावराचं चित्र (धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा पळस, फुटलेला कापूस, मागे टेकडी) गोधडीवर उतरवून भिंतीवर लावायचंय आणि सुरुवात कुठून करायची, असं विचारलंय.

कात्री घेण्याआधी महिना ठरवा. आठवणीत पळसही फुललेला असतो आणि कापूसही फुटलेला असतो, वावरात मात्र दोन्ही सहसा एकत्र येत नाहीत. कापूस दसरा-दिवाळीपासून फुटतो आणि पळस पेटतो फाल्गुनात. तोवर उभ्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळकी झाडं उरतात, फार तर फरदडीचा (वेचणी संपल्यावरही राखलेल्या पिकाचा) विरळ कापूस. कार्तिक-मार्गशीर्ष घेतलात तर पांढरी बोंडं, मध्ये तुरीच्या ओळींवर पिवळा फुलोरा आणि हिरव्या पानांचा पळस मिळतो. फाल्गुन घेतलात तर पळस केशरी, पण झाडावर पान जवळजवळ नाही. गावातला माणूस गोधडी पाहताना पहिली चूक हीच काढणार. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण इथे नमुना म्हणून वापरा: एका देठावर तीन पानं, मधलं थोडं मोठं. तुमच्याकडे पांढरं धोतर आहे, म्हणून मी कार्तिक घेईन.

आता कापड. प्रत्येक लुगडं उजेडासमोर धरा. जिथे विरलंय तिथे जाळी दिसते. मग दोन्ही अंगठ्यांनी ताणा. बारीक ‘चर्र’ ऐकू आलं तर तो भाग एकटा वापरू नका. तुकडा फारच लाडका असेल तर मागून ब्लाऊजवाल्यांकडचं पातळ पेस्टिंग इस्त्रीने चिकटवा. लुगड्याचा बसायचा भाग बहुतेक विरलेला असतो. पदर आणि काठाजवळचा पट्टा टणक निघतो. टेरिकॉट साडी घेऊ नका, गरम इस्त्रीखाली आकसते आणि सुती कापडाशेजारी नांदत नाही.

रंगाची परीक्षा सगळ्यांची घ्या, लाल आणि गडद निळ्याची तर नक्कीच. तुकडा साबणाच्या गरम पाण्यात अर्धा तास ठेवा, मग ओलाच पांढऱ्या चिंधीत गुंडाळून वाळू द्या. चिंधी रंगली तर ते कापड बाद. मीठ-तुरटीने रंग पक्का होतो यावर विसंबू नका. पहिल्याच धुण्यात तुमचा पांढरा कापूस गुलाबी होईल. नवीन कापड घ्यावं लागलं तर आधी धुऊन आटवून घ्या, जुनं आटून झालेलं असतं.

सगळे तुकडे जमिनीवर पसरा आणि मोबाइलने काळा-पांढरा फोटो काढा. चित्र उठतं ते रंगापेक्षा फिकट-गडद फरकाने. हिरवा पळस आणि तांबडी टेकडी डोळ्याला वेगळे दिसतात, पण फोटोत एकच राखाडी आले तर दहा फुटांवरून झाड टेकडीत बुडालंच म्हणून समजा. लांबचं फिकट, निळसर आणि बारीक नक्षीचं ठेवा. जवळचं गडद आणि ठसठशीत. काळ्या मातीला सर्वांत गडद लुगडं द्या. आणि आजीचा ओळखीचा काठ कापून कुठेतरी दडवू नका. तो आडवा सरळ लावला की आपोआप धुरा होतो, घरच्यांना लगेच ओळखू येतो.

माप ४० इंच रुंद, ३० इंच उंच घ्या. ८ बाय ६ इंचांच्या कागदावर चित्र काढा, त्यावर १ इंचाचे चौकोन आखा आणि चिकटवलेल्या वर्तमानपत्रांवर ५-५ इंचांच्या चौकोनांत मोठं करा. आकारांना नंबर द्या, कारण नंतर टेकडीचे तुकडे सगळे सारखेच वाटतात. मूळ कापड, म्हणजे ज्यावर बाकी सगळं बसणार ते, ४४ बाय ३४ कापा. धावदोरा घातला की गोधडी सगळीकडून आकसते, शेवटी कडा छाटायला जागा हवी.

तुकडे मागून पुढे लावत या: आकाश, टेकडी, लांबचं वावर, धुरा, जवळचं वावर, शेवटी झाड. दुसऱ्या तुकड्याखाली झाकली जाणारी कड दुमडायची नाही, नुसती अर्धा इंच खाली सरकवायची. नाहीतर तिथे उगाच जाड गठ्ठा होतो आणि सुई जात नाही. दिसणाऱ्या कडेला पाव इंच दुमड ठेवा. पानांसारख्या लहान आकारांना जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा उत्तम. पुठ्ठा कापडाच्या उलट बाजूला ठेवा, दुमडीत कच्चा दोरा घालून ओढा, इस्त्री फिरवा, पुठ्ठा काढा. यात एक फसगत होते: पुठ्ठा उलट बाजूने लावतो म्हणून आकार आरशातल्यासारखा उलटतो. डावीकडे झुकलेला पळस उजवीकडे झुकायला नको असेल तर पुठ्ठाही उलटा कापा. आत वळणाऱ्या कडेला कात्रीने बारीक चिरा द्याव्या लागतात, बाहेर वळणाऱ्या कडेला नाही. मग कापडाच्याच रंगाच्या दोऱ्याने चोरटाका, म्हणजे वरून न दिसणारा टाका घाला, इंचाला आठ-दहा.

कापूस तीन तऱ्हांनी करा. अगदी जवळची आठ-दहा बोंडं उठावाची. धोतराचा दीड इंचाचा गोल कापा, कडेने धावदोरा घालून ओढा, आत चिमूटभर कापूस भरून गाठ मारा. मग तोच दोरा मधोमध वर काढून काठाला वळसा देत खाली न्या, असं चारदा. बोंडाच्या चार पाकळ्या पडतात. खाली वाळक्या कवचासाठी तपकिरी कापडाची टोकदार चांदणी. मधल्या ओळींना फक्त पांढऱ्या जाड दोऱ्याचा गाठीचा टाका. सर्वांत मागे काहीच नको, बारीक पांढऱ्या ठिपक्यांचं फिकट कापड पुरतं. सगळीकडे सारखी बोंडं शिवणं हा सर्वांत मोठा मोह आहे. त्याने वावर उभ्या भिंतीसारखं दिसतं. ओळींतलं अंतरही पुढे ४ इंच, मग अडीच, दीड, पाऊण असं कमी करत न्या.

आता थर. खाली मांजरपाट (जाडंभरडं सुती कापड), ४८ बाय ३८. मध्ये धोतराची दुहेरी घडी. वर चित्र. पिंजलेला कापूस मध्ये भरू नका, भिंतीवर टांगलेल्या गोधडीत तो हळूहळू खाली उतरतो आणि गोळे होतात. मांजरपाट जमिनीवर ताणून चारही बाजूंनी चिकटपट्टी लावा आणि तिन्ही थर मधून कडेकडे, चार-चार इंचांवर कच्चे टाचा. उठावाची बोंडं मात्र धावदोरा पूर्ण झाल्यावरच लावा, नाहीतर कापड ताणून धरायच्या रिंगमध्ये दबून सपाट होतात.

अंथरायच्या वाकळीत पुष्कळ जणी कडेने सुरू करून चौकोन आत नेतात. इथे तसं केलंत तर सगळा फुगवटा मधे, नेमका झाडाखाली जमतो. म्हणून मधून बाहेर या. टाका हातानेच घाला. सुई ९ नंबरची, सुती रीळ ४० नंबरचं, दोरा हातभर. इंचाला चार-पाच टाके आले तरी चालतील, पण सारखे हवेत. वावरात टाका ओळींच्या दिशेने, टेकडीवर उताराच्या दिशेने, आकाशात आडवा, किंचित लहरत. काळ्या मातीवर काळा दोरा बुडतो. एक छटा फिकट राखाडी घेतला तर सऱ्या पाडल्यासारखं दिसतं, आणि हे काम कुठल्याही कापडाने होत नाही. दोन ओळींतलं अंतर अर्धा-पाऊण इंच, आणि आकाशातही तेवढंच! वावर दाट आणि आकाश विरळ ठेवलंत तर खालची बाजू आकसते, वरची आकसत नाही. वरची कड लाटेसारखी हलते, आणि ती नंतर इस्त्रीने बसत नाही.

शेवटी गोधडी सपाट पसरून काटकोनात छाटा. कडेसाठी अडीच इंच रुंद पट्टी हवी, एकूण सुमारे १५२ इंच. नऊवारी लुगडं ३२४ इंच लांब असतं, त्यामुळे लांबीत एकसंध पट्टी निघते आणि ती ताणतही नाही. पट्टी दुहेरी दुमडून पुढून पाव इंचावर मशीनने शिवा, मागे वळवून हाताने टाचा. मशीनचं काम एवढंच.

टांगण्यासाठी साडेआठ इंच रुंद, ३८ इंच लांब पट्टी दुहेरी करून मागे वरच्या कडेखाली बाही शिवा. बाहीत थोडी ढील ठेवा, नाहीतर आत घातलेल्या लाकडी पट्टीचा उंचवटा पुढून आकाशात दिसतो. कापड ताठ करायला खळ (कांजी) वापरली असेल तर टांगण्याआधी एकदा गार पाण्यातून काढून सावलीत आडवी वाळवा. खळीला कसर लागते.